जाहीर झालाय, आला कुठे?

कॅनन घ्यावा की निकॉन, यावर उज्जैनला फ्रीगंजच्या टॉवर चौकात पोह्यांच्या दोन प्लेटी सहज संपतात. शेव आणि जीरावन वेगळे. त्या वादात टाकायला ही एक ठिणगी घ्या: कॅननचा बाजारात आलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९३६ चा ‘हान्सा कॅनन’. त्याची लेन्स कॅननने बनवलेली नव्हती. ती निप्पॉन कोगाकू नावाच्या कंपनीकडून आली होती आणि तीच कंपनी पुढे निकॉन म्हणून जगाला माहीत झाली. तेव्हा ‘मी फक्त कॅननवाला’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला हे ऐकवा आणि जिलबीचे पैसे त्याला द्यायला लावा.

आमच्याकडे कॅमेऱ्याची चर्चा तीन गोष्टींनी पेटते. घरात लग्न ठरते, श्रावण लागून महाकालाच्या सोमवारच्या सवाऱ्या सुरू होतात, किंवा सिंहस्थ जवळ येतो. आता तर २०२८ चा सिंहस्थ डोळ्यांपुढे आहे. त्यामुळे मराठी घरांत हल्ली असा संवाद ऐकू येतो:

“काका, नवीन मॉडेल आलंय. घेऊ का?”

“आलंय की जाहीर झालंय?”

“एकच ना ते!”

एकच नाही. पुढचा सगळा खेळ त्या फरकाचा आहे.

एकवीस दिवसांचा राजा

२७ ऑगस्ट २००८ रोजी निकॉनने डी९० जाहीर केला. व्हिडिओ काढणारा तो जगातला पहिला डीएसएलआर. लोक हरखले. हरखणे उतरण्याआधीच, १७ सप्टेंबरला, कॅननने ५डी मार्क टू जाहीर केला. डी९० चा व्हिडिओ ७२० रेषांचा, तर याचा १०८० चा, म्हणजे फुल एचडी. दोन घोषणांमध्ये एकवीस दिवस! किमतीत जमीन-अस्मानाचा फरक होता हे खरे, पण ‘जगात पहिला’ म्हणून मिरवायला डी९० ला जेमतेम तीन आठवडे मिळाले. पुढे २०१० मध्ये ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेच्या एका हंगामाचा शेवटचा भाग ५डी मार्क टूवर चित्रित झाला आणि लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी खांद्यावरचे मोठे कॅमेरे खाली ठेवायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी रांगेत उभे राहणाऱ्यांच्या वाट्याला कधी कधी शौर्यपदकाऐवजी ठिपके येतात. निकॉनचा डी६०० सप्टेंबर २०१२ मध्ये आला. फुल फ्रेम असून तुलनेने स्वस्त, त्यामुळे उड्या पडल्या. थोड्याच दिवसांत फोटोंतल्या निळ्या आभाळात काळे ठिपके दिसू लागले. कॅमेऱ्याच्या आतल्या भागांतूनच सेन्सरवर तेल-धूळ उडत होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीने डी६१० आणला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये डी६०० च्या मालकांना तपासणी व शटर बदलून देण्याची फुकट सेवा जाहीर केली. म्हणजे वर्षभर कळ काढली असती, तर ठिपक्यांशिवाय आभाळ मिळाले असते.

कॅननवाल्यांनी इथे हसू नये. २०१२ मध्येच ५डी मार्क थ्री आला. अंधारात त्याच्या वरच्या छोट्या पडद्याचा दिवा लावला, की प्रकाश आत झिरपून मीटरचे आकडे बदलत. लाखांच्या घरातल्या यंत्रावर इलाज काय झाला? आतून एक पट्टी चिकटवली. चिकटपट्टी!

कधी कधी कॅमेरा चांगला असतो, पण पोचतच नाही. २०११ च्या मार्चमध्ये भूकंपाने निकॉनच्या सेंदाईच्या कारखान्याला तडाखा दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात थायलंडमधला अयुथ्याचा कारखाना पुरात बुडाला. बहुतेक लोकांना परवडणारे निकॉन तिथेच तयार होत. अशा वेळी ‘जाहीर’ आणि ‘दुकानात’ यांच्यामध्ये महिने जातात आणि तेवढ्यात श्रावणातले सोमवार उलटून जातात.

जो क्षण टिपला, तोच दिसला नाही

एसएलआरची मूळ गंमत आरशाची आहे. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडतो, वरच्या पंचकोनी काचेतून फिरतो आणि डोळ्याला सरळ, सुलट चित्र दिसते. बटण दाबले की आरसा वर उडतो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार. म्हणजे फोटोत आलेला नेमका क्षण, फोटो काढणाऱ्याने आरशाच्या खिडकीतून पाहिलेलाच नसतो! फोटोग्राफर सांगतात, “बटण दाबताना मला तो क्षण दिसला.” बिचाऱ्यांचा आरसा तेव्हा वर होता.

या आरशाचे पेटंट टॉमस सटन या इंग्रजाच्या नावावर आहे, १८६१ सालचे. ३५ मिलिमीटर फिल्मवरचा एक्झाक्टा हा एसएलआर १९३६ मध्ये आला. फोटो काढल्यावर आरसा आपोआप खाली येण्याची सोय १९५४ मध्ये जपानच्या आसाही कंपनीने आणली. त्याआधी बहुतेक कॅमेऱ्यांत एकदा बटण दाबले की फिल्म पुढे सरकवेपर्यंत खिडकी काळीच राही.

त्यात ‘डी’ कधी घुसला? १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्र १०० बाय १००, म्हणजे दहा हजार ठिपक्यांचे, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. आज २४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा त्याच्या २,४०० पट ठिपके डोळ्याची पापणी लवायच्या आत टिपतो. बाजारात आलेला पहिला डीएसएलआरही कोडॅकचाच, १९९१ चा. पण त्याचे शरीर निकॉन एफ३ चे! १.३ मेगापिक्सेल, फोटो साठवायला खांद्याला अडकवायचा वेगळा डबा, आणि किंमत सुमारे २०,००० डॉलर. त्या काळी फ्रीगंजात एवढ्या पैशांत काय काय आले असते, याचा हिशेब ज्यांनी तेव्हा इथे प्लॉट घेतला नाही त्यांनी करू नये; उगाच झोप उडेल. हजार डॉलरच्या आतला पहिला डीएसएलआर, कॅननचा ३००डी, यायला २००३ उजाडले.

नवा नवरदेव आणायचा कुठून?

आता खरी बातमी. पुतण्या ज्याला ‘नवीन डीएसएलआर’ म्हणतोय, तो बहुधा डीएसएलआर नसतोच. कॅनन आणि निकॉन या दोघांचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० च्या सुरुवातीला जाहीर झाले: कॅननचे १डी एक्स मार्क थ्री आणि ८५०डी, निकॉनचे डी७८० आणि डी६. त्यानंतर दोघांनीही सगळा जोर आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर लावला. जगभरच्या खपातही २०२० मध्येच मिररलेसने डीएसएलआरला पहिल्यांदा मागे टाकले.

आरशाचा झेंडा अजून हातात धरलेली कंपनी म्हणजे पेंटॅक्स. तिने २०२१ मध्ये के-३ मार्क थ्री आणला, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याचाच एक भाऊ जाहीर केला. तो रंग टिपूच शकत नाही! सेन्सरवरची रंगांची जाळी काढून टाकलेला, फक्त काळा-पांढरा फोटो देणारा डीएसएलआर. काळ्या-पांढऱ्याचा नाद असलेल्यांना यातली चैन कळेल. लग्नाच्या कामाला तो नेऊ नका. नवरीकडचे लोक शालूचा रंग विचारतील.

मग डीएसएलआर मेला का? छे. एका आकड्यात तो अजून मिररलेसला लाजवतो. कंपन्यांच्या ठरावीक चाचणीत निकॉन डी७८० एका चार्जिंगवर २,२६० फोटो काढतो. जवळपास तसाच सेन्सर असलेला मिररलेस झेड६ त्याच चाचणीत सुमारे ३१० वर थांबतो. कारण सोपे आहे: आरशातून बघायला वीज लागत नाही, छोट्या पडद्यातून बघायला लागते. सिंहस्थात पहाटेपासून घाटावर उभे राहायचे असेल आणि जवळ प्लग नसेल, तर हा आकडा मेगापिक्सेलपेक्षा मोठा वाटतो.

मेगापिक्सेलचेही ऐकून घ्या. २४ वरून ४५ वर गेलो म्हणजे फोटो दुप्पट मोठा झाला, असे दुकानात हमखास सांगतात. क्षेत्रफळाने जवळपास होतो, पण रुंदी वाढते जेमतेम ३७ टक्के. आणि चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर ८ बाय १२ इंचाच्या फोटोला पावणेनऊ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. आपल्या दिवाणखान्यात यापेक्षा मोठा फोटो सहसा एकच असतो, आजोबांचा. तो काढला तेव्हा मेगापिक्सेल हा शब्द जन्मला नव्हता.

उज्जैनचा सूर्य उशिरा येतो

हे कुठल्याही कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. आपल्या घड्याळातली वेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि उज्जैन पावणेशहात्तरच्या जवळ. त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा इथल्या सूर्याचे सरासरी साडेअकराच झालेले असतात. फरक साधारण २७ मिनिटांचा. जुन्या ज्योतिषाची मध्यरेखा ज्या गावातून जात होती, त्या गावाला आता आपली वेळ दुसऱ्याच्या घड्याळातून वाचावी लागते! जंतरमंतरच्या सम्राट यंत्रावर सावली अजून स्थानिक वेळच दाखवते. जयसिंगाच्या त्या यंत्राला प्रमाणवेळेचा हुकूम पोचलेला नाही. फोटोवाल्याने यातून घ्यायचे ते एवढेच: पुण्याच्या किंवा पाटण्याच्या मित्राने सांगितलेली ‘सोनेरी उन्हाची वेळ’ इथे जशीच्या तशी लावू नका.

दुसरी गंमत कर्कवृत्ताची. ते उज्जैनच्या अगदी जवळून, किंचित उत्तरेकडून जाते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. विज्ञानाच्या शिक्षकांना हा सोहळा. माणसांचे फोटो काढणाऱ्याला मात्र शिक्षा: डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी, नाकाखाली काळी मिशी. लाखाचा कॅमेरा असो की दोन लाखांचा, ही मिशी पुसत नाही.

संध्याकाळी क्षिप्रेच्या रामघाटावर उभे राहिलात, तर समोरच्या काठावर दत्त आखाडा आणि त्याच्या मागे मावळता सूर्य. कॅमेरा नदीकडे रोखला की माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या येतात. त्या हव्या असतील तर फार सुंदर, चेहरे हवे असतील तर पाठ नदीकडे करा. हा सल्ला फुकट आहे आणि कुठल्याही नव्या मॉडेलपेक्षा फोटो जास्त सुधारतो.

सवारी टिपणाऱ्यांना आपल्या पंचांगाने एक बक्षीस दिले आहे. उत्तरेचा श्रावण पौर्णिमेनंतर लागतो, आपला अमावास्येनंतर. महाकालाच्या सवाऱ्या उत्तरेच्या श्रावणापासून सुरू होतात आणि त्यांच्या भाद्रपदापर्यंत, म्हणजे आपल्या श्रावणाच्या वद्य पक्षापर्यंत चालतात. ज्या देवळाची आजची उभारणी राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केली, तिथे दोन्ही पंचांगांचा मान राखला जातो. एक सोमवार पावसात गेला, तर पुढचा आहे. देवळात मात्र २० डिसेंबर २०२२ पासून मोबाइललाही बंदी आहे. तेव्हा ‘भस्मारतीसाठी कॅमेरा घेतोय’ म्हणणाऱ्याने आधी नियम वाचावेत.

शरीर स्वस्त, डोळा महाग

हा भाग माझ्या आवडीचा, म्हणून जरा रेंगाळतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स पुढे नेली की तिचे भोक एफ ५.६ वर येते. ५० मिलिमीटरची साधी, झूम नसलेली लेन्स एफ १.८ ची असते. गणित केले तर दुसरीतून जवळपास दहापट प्रकाश येतो. क्षिप्रेच्या आरतीत जिथे पहिली लेन्स दाणेदार, हललेला फोटो देईल, तिथे दुसरी निरांजनाच्या उजेडात चेहरा उजळून देईल. आणि ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त असलेल्यांपैकी एक! नवे शरीर घेऊन एवढा फरक पडायला किती पिढ्या थांबावे लागेल, ते तुम्हीच मोजा.

दिव्याच्या उजेडाचे वेड कुठवर जाऊ शकते? स्टॅन्ली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’ या १९७५ च्या सिनेमातली काही दृश्ये मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केली. त्यासाठी त्याने झाइसच्या एफ ०.७ च्या लेन्स मिळवल्या. त्या मुळात नासाच्या चांद्रमोहिमांसाठी बनल्या होत्या.

चंद्राचा विषय निघालाच आहे, तर अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे नेलेले हॅसलब्लाड कॅमेरे एसएलआरच्याच घराण्यातले, पण आरसा काढून टाकलेले होते. परतताना वजन कमी करायचे म्हणून कॅमेऱ्यांची बारा शरीरे चंद्रावरच सोडली आणि फिल्मच्या डब्या तेवढ्या आणल्या. सेकंडहँड बाजारात न आलेले बहुधा तेवढेच. आणि १९८४ मध्ये स्टीव्ह मॅककरीने टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी? निकॉन एफएम२, हाताने फोकस करायचा साधा कॅमेरा, आणि १०५ मिलिमीटरची लेन्स.

आधी गरज, मग गहाण

कर्ज काढून कॅमेरा घेण्याची परंपरा मराठी माणसाने फार मोठ्या पातळीवर सुरू केली. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठले आणि विल्यमसनचा कॅमेरा मिळवला. पण कॅमेऱ्याने काय करायचे, हे त्यांचे आधी ठरले होते. पैसेवाल्याला पटवायला त्यांनी रोपट्याच्या वाढीची चित्रफीत करून दाखवली आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. हप्त्यावर कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने आपले हरिश्चंद्र कोण, ते आधी सांगावे.

आपल्या शेजारी इंदूरला तर भारतातला एक फार मोठा फोटोग्राफर घडला. लाला दीनदयाळ बांधकाम खात्यात नकाशे काढायला होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, तुकोजीराव होळकरांनी पाठ थोपटली, आणि मध्य भारतातल्या वास्तूंचे त्यांचे फोटो १८८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. तेव्हा फोटो म्हणजे काचेच्या तावदानांचे ओझे. आज आपण अर्धा किलो जड म्हणून कुरकुरतो.

आणि उज्जैनचेच विष्णु श्रीधर वाकणकर! १९५७ मध्ये त्यांनी भीमबेटकाच्या गुहा जगापुढे आणल्या आणि तिथली चित्रे तासन्‌तास बसून हाताने उतरवून घेतली. पेन्सिलीला फर्मवेअर अपडेट लागत नाही.

दुकानात शिरताना

आता फ्रीगंजच्या पायऱ्या चढाच. खोक्यावरच्या आकड्यांआधी कॅमेरा डोळ्याला लावा. स्वस्त डीएसएलआरमध्ये पंचकोनी काचेऐवजी आरशांची जोडणी असते, त्यामुळे खिडकी लहान आणि अंधारी वाटते. हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

जुना घेत असाल तर शटर किती वेळा उडाले, ते विचारा. साध्या मॉडेलचे शटर लाखभर फोटोंपर्यंत चालावे अशी अपेक्षा असते, निकॉन डी६ चे चार लाख. लग्नाच्या दोन हंगामांत घासलेला कॅमेरा बाहेरून चकचकीत असू शकतो. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये हा आकडा लपलेला असतो. कॅननला बहुधा वेगळे सॉफ्टवेअर लागते. आणखी एक चकवा: निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकसची मोटर नसते. मामांनी प्रेमाने दिलेली जुनी ऑटोफोकस लेन्स त्यावर बसेल, फोटोही येईल, फक्त फोकस हाताने करावा लागेल.

‘बिल नको, किंमत कमी करतो’ असे कोणी म्हणाले तर काय वाचते, ते बघा. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्या १८ टक्क्यांसाठी कंपनीची इथली वॉरंटी सोडायची का? आणि वॉरंटी असली, तरी रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीतला गुलाल तिच्यात बसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

माझा निकाल विचाराल तर असा. लग्नाची कामे घेऊन पैसे कमवायचे असतील, तर मिररलेस घ्या, पण जाहीर झाल्यावर निदान सहा महिन्यांनी. छंद असेल, तर चांगल्या अवस्थेतला जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स, एवढ्यात सिंहस्थ निघेल. ठरतच नसेल, तर एका सवारीपुरता भाड्याने घ्या आणि मनगटाला विचारा. खरेदी कुठलीही करा, बिल पक्के घ्या आणि त्यावर कॅमेरा व लेन्स, दोन्हींचे सीरियल नंबर दुकानातच लिहून घ्या.